सहवासजन्य

माणिकच्या बोटांना गुलाबाचे काटे टोचेनासे झाले, तेव्हा आधी दोघांनाही त्याची गंमतच वाटली.

नाशिकला मखमलाबाद रस्त्यावर त्याची नर्सरी होती. रानगुलाबाच्या खुंटाला चीर पाडायची, चांगल्या जातीच्या झाडाचा डोळा त्यात अलगद बसवायचा आणि वरून पट्टी घट्ट आवळायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याच्या बोटांत मोडलेले काटे सुईनं काढायचे, हे वृंदाचं काम. त्या उन्हाळ्यात एकदा सुई जरा जास्तच खोल गेली. माणिक मात्र टँकरवाल्याची तक्रार सांगत होता, तो सांगतच राहिला.

"दुखत नाही?" तिनं विचारलं.

"घट्टे पडलेत. आता गेंड्याची कातडी झाली माझी," तो म्हणाला आणि दोघं हसले.

दिवाळीपर्यंत त्याच्या हातातून चाकू निसटायला लागला. पुढच्या वर्षी पायांचंही तेच झालं. एकदा तो फाटकापर्यंत गेला, कुणाशी तरी बोलत उभा राहिला, आणि वृंदा त्याच्या दोन्ही चपला हातात घेऊन मागून आली. वाफ्यातच त्या पायांतून निघाल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता. या वेळी कुणी हसलं नाही.

मग दवाखाने झाले. साखर नव्हती, जीवनसत्त्वं ठीक होती, कुष्ठरोग नव्हता. फवारणीच्या औषधांवर संशय होता, तोही फिटला. हातापायांच्या नसांवरचं आवरण झिजत चाललंय एवढं सगळे डॉक्टर सांगत, का झिजतंय ते कुणी सांगेना. शेवटी कागदावर एक शब्द आला: अज्ञातहेतुक.

वृंदाला तो शब्द परका नव्हता. वैद्यकाचं शिक्षण मराठीतून सुरू होऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि त्या पुस्तकांसाठी शब्द ठरवणाऱ्या परिभाषा कक्षात ती नोकरीला होती. रोगांच्या कारणांचा विभाग तिच्याकडे होता. जंतूंमुळे होतो तो जंतुजन्य. खाणीत, गिरणीत राबल्यानं जडतो तो व्यवसायजन्य. डॉक्टरच्याच औषधानं किंवा सुरीनं मागे लागतो तो उपचारजन्य. आणि ज्याचं काहीच कळत नाही तो अज्ञातहेतुक. "'आम्हाला माहीत नाही' असं म्हणायला डॉक्टरांना जड जातं, म्हणून हा शब्द ठेवलाय," असं ती कक्षात नव्यानं आलेल्यांना सांगायची. तोच शब्द नवऱ्याच्या नावापुढे वाचताना तिला त्यातला विनोद सापडला नाही.

त्याच सुमाराला तिच्या टेबलावर कारणांचा एक नवाच प्रकार आला. दोन माणसं, दोन्ही धडधाकट. पण वर्षानुवर्षं एकत्र राहिल्यानं त्यांतल्या एकाला रोग होतो. संसर्गजन्य म्हणावं, तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, कारण देणारा मुळात आजारीच नसतो. संपर्कजन्य म्हणावं, तर नुसत्या स्पर्शानं काही होत नाही, त्याला सहवास लागतो. वृंदानं शब्द सुचवला: सहवासजन्य.

समितीत डॉ. गर्गे म्हणून एक निवृत्त शल्यचिकित्सक होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, हा शब्द लोक लग्नाच्या पंचविशीच्या पत्रिकेवर छापतात. रोगाच्या गळ्यात कशाला बांधताय?"

"पण सर, अर्थ तोच होतो," वृंदा म्हणाली.

शब्द मंजूर झाला.

*

डॉ. नसरीन इनामदारांकडे 'हेतुदर्शक' आलाय असं कळल्यावर वृंदानं माणिकला तिथे नेलं. लोक त्याला कारण काढायची मशीन म्हणत. कपाटाएवढी, बिनआवाजाची. डॉक्टर उत्साही होत्या, आणि समोरच्याला कळेल असं बोलत.

"माणिकराव, आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्या शत्रूचा चेहरा विसरत नाहीत," त्या म्हणाल्या. "लहानपणी गोवर येऊन गेला, तर म्हातारपणीसुद्धा त्या त्याला दारातच ओळखतात. त्यांच्या मनात कोण बसलंय हे आजवर आपल्याला वाचता येत नव्हतं. ही मशीन अशा लाखो पेशी एकेक करून वाचते. मग तो चेहरा नेमका कोणाचा, हे जगभरातल्या रेणूंच्या संग्रहात शोधते. तुमच्या नसांवर ज्या पेशी तुटून पडल्यात, त्या मुळात कोणावर चिडल्या होत्या, एवढंच आपल्याला हवंय."

माणिकचं रक्त घेतलं. काही दिवसांनी फोन आला, घरातल्या बाकी माणसांचे नमुनेही द्या. घरात बाकी माणूस एकच होतं. मूलबाळ झालं नव्हतं, आणि त्याचं दुःख करून झालं होतं. वृंदानं लाळ दिली, शौचाचा नमुना दिला, त्वचेवरून फिरवलेला कापूस दिला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही एका ताटात जेवता का हो?"

"लग्नाच्या दिवसापासून," माणिक म्हणाला. त्याला याचा अभिमान होता. लग्नात घास भरवताना सगळ्यांनी थट्टा केली, तेव्हा त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं होतं की आपण रोज असंच जेवणार. सासूबाईंनी चार वर्षं नाक मुरडलं आणि नंतर सोडून दिलं. वृंदानं अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचं, त्यानं तिचं उष्टं पुढे संपवायचं. तिनं चावून ठेवलेल्या मिरचीचं टोकसुद्धा त्याला चालायचं.

डॉक्टरांनी क्षणभर मान खाली घातली. मग समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात जंतूंची एक वस्ती असते. तोंडात, आतड्यांत, कातडीवर. ती आपली शत्रू नसते, तिच्याशिवाय आपल्याला जेवणही पचत नाही. एकत्र राहणाऱ्यांच्या वस्त्या एकमेकींत मिसळतात, आणि जंतू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जनुकं उसनी घेतात. वृंदाच्या तोंडातल्या एका जंतूकडे एका रेणूची अर्धी कृती आहे. माणिकच्या आतड्यातल्या एका जंतूकडे उरलेली अर्धी. एकेकटे राहिले तर दोघंही निरुपद्रवी. उष्ट्यातून, श्वासातून, एका पांघरुणातून ते वर्षानुवर्षं भेटत राहिले आणि त्यांनी मिळून तो रेणू बनवायला घेतला. तो रेणू नसांच्या आवरणासारखा दिसतो, अगदी जुळ्या भावासारखा. माणिकचं शरीर त्या रेणूवर चिडलं आणि सोबत स्वतःच्या नसाही सोलायला लागलं.

"म्हणजे माझ्यामुळे," वृंदा म्हणाली.

"नाही, वृंदाताई. तुम्ही एकट्या कारण नाही आणि तेही एकटे कारण नाहीत. तुम्ही दुसऱ्या कुणाशी लग्न केलं असतं किंवा त्यांनी दुसऱ्या कुणाशी, तर दोघांनाही काही झालं नसतं."

त्यांनी कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात वृंदाचाच शब्द होता. छापील अक्षरांत तो छान दिसत होता.

"उपाय?" माणिकनं विचारलं.

"लांब राहणं. वृंदाताईंचे जंतू तुमच्या आतड्यात मूळ धरत नाहीत, त्यांना रोजचा पुरवठा लागतो. तो थांबला की तुमचीच वस्ती त्यांना हुसकून लावेल. नसा हळूहळू भरून येतील. पण घर एक नको, भांडी एक नकोत, कपडे एक नकोत. त्यांची कुठलीही वस्तू बरोबर नेऊ नका. उघड्यावर भेटलात तर चालेल, मध्ये चार हात अंतर ठेवून."

"आणि माझ्यावर काही करता येत नाही?" वृंदानं विचारलं.

करता येत होतं. वृंदाची सगळी वस्ती औषधांनी धुऊन काढायची, तोंड, आतडी, त्वचा, सगळीकडची, आणि कुणा निरोगी दात्याची वस्ती तिच्यात नव्यानं लावायची. पण कॉलेजात असताना वृंदाला आतड्यांचा दाह झाला होता. रक्त पडून पडून ती बत्तीस किलोवर आली होती. तो पुढे आपोआप शांत झाला, आणि हेतुदर्शकाच्या मते तो शांत ठेवणारी हीच वस्ती होती. ती काढली तर काय होईल? तिच्यासारख्या चार जणांमागे एकाचा दाह उलटला होता, आणि उलटताना पहिल्यापेक्षा वाईट.

"मी तयार आहे," वृंदा म्हणाली.

"मी नाही," माणिक म्हणाला.

घरी येईपर्यंत तो गाडीत एकदाच बोलला. "माझ्या बोटांसाठी तुझी आतडी पणाला लावायची, असला व्यवहार मी करणार नाही. पुन्हा विषय काढू नको."

आषाढ सरता सरता तो संगमनेरला थोरल्या भावाच्या डाळिंबाच्या मळ्यावर राहायला गेला.

*

एकटीसाठी कणीक किती भिजवायची, हेच वृंदाला पहिले काही दिवस उमजेना. अर्धी भाकरी खाऊन ती सवयीनं ताट पुढे सरकवायची आणि मग तेच ताट परत ओढून घ्यायची. उरलेली अर्धी तिला जायची नाही. सिंधूवहिनींचा, म्हणजे मोठ्या जाऊबाईंचा, संगमनेरहून फोन यायचा.

"वृंदा, तू काळजी करू नको. जेवतात भाऊजी. पण ताटात अर्धं ठेवून उठतात गं. आता ते कोणासाठी ठेवतात, ते मी विचारत नाही."

रोज संध्याकाळी दोघं फोन समोर ठेवून जेवत. तो तिथे, ती इथे. "निदान तोंड तरी दिसतं," माणिक म्हणायचा. वृंदाला आपल्या कामातलं आठवायचं. जुन्या वैद्यांच्या ग्रंथांत निदान म्हणजे रोगाचं मूळ कारण. पुढे निदान म्हणजे रोग ओळखणं झालं. आणि घरात, बोलताना, निदान म्हणजे फक्त एवढं तरी. इतक्या मोठ्या शब्दाचं हे असं लहान होत जाणं तिला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं.

बाहेर तिचा शब्द मात्र मोठा होत चालला होता. हेतुदर्शक गावोगावी पोचले. कुणाची दमा लागलेली सून, कुणाचा सांधे धरलेला नवरा, कुणाच्या अंगावर उठणारे चट्टे. इतकी वर्षं अज्ञातहेतुक असलेले कितीतरी आजार सहवासजन्य निघाले. कौटुंबिक न्यायालयात हा शब्द पोचला. वधूवर सूचक मंडळांनी जंतुपत्रिका मागायला सुरुवात केली. कक्षात वृंदाच्या शेजारी बसणाऱ्या शुभदा थेटेंच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. "छत्तीस गुण जुळले होते," शुभदा सांगत होती, "जंतू जुळले नाहीत. आणि गंमत म्हणजे, पोरं दोघं अजून रोज फोनवर रडतात." भाजी बाजारात एक बाई नवऱ्याला म्हणाली, "तू माझा सहवासजन्य आहेस, दुसरं काही नाही," आणि आजूबाजूचे हसले. वृंदानं कोथिंबिरीची जुडी न घेता तशीच परत ठेवली.

संगमनेरला माणिकच्या बोटांना आधी मुंग्या यायला लागल्या. मग आग व्हायची, झोप लागायची नाही. डॉक्टर म्हणाल्या, चांगली खूण आहे, नसा जाग्या होतायत. मार्गशीर्षात एका दुपारी, वृंदा कक्षात असताना त्याचा फोन आला. तो कधी कामाच्या वेळी फोन करत नसे.

"डाळिंबाचा काटा गेला बोटात," तो म्हणाला. "असा टोचला, वृंदा. रक्त आलं."

तिनं फोन खांद्यानं कानाशी धरला. टेबलावरचे कागद नीट करत राहिली.

"ऐकतेस ना? खूप दुखतंय," तो आनंदानं म्हणाला.

"ऐकतेय," ती म्हणाली. तिलाही आनंदच झाला होता, खराखुरा. पण त्याचं बरं होणं म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरणं होतं. तोवर तिच्या मनात कुठेतरी एक वेडी आशा शिल्लक होती की मशीन चुकली असेल.

*

फाल्गुनात ती दोघं सिन्नरला भेटली. नाशिक आणि संगमनेरच्या अध्येमध्ये सिन्नर, आणि तिथे गोंदेश्वराचं जुनं दगडी देऊळ. भोवती ऐसपैस मोकळं आवार, वारा भरपूर. वृंदा आधी पोचली होती. तो बसस्टँडवरून चालत आला. फाटकातून आत येताना त्याची चाल तिला दिसली. पाय उचलून टाकणं नाही, खाली बघणं नाही. लग्नाआधी तो तिला भेटायला यायचा, तेव्हा असाच भराभर, जरासा पुढे झुकून चालायचा. ती चाल ती विसरूनही गेली होती.

तो चार हातांवर थांबला. पुढे यायला निघालेला पाय त्यानं मागे घेतला.

"वाळलीस," तो म्हणाला.

"तू भरलास. वहिनींनी चांगलं खाऊ घातलंय."

आवाराबाहेर लिंबाखाली ती या बाकावर, तो त्या बाकावर, असे बसून आपापले डबे उघडले. वृंदानं मेथीचं पिठलं आणलं होतं. त्याला वास गेला असणार, कारण तो आपला डबा तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"खा ना," ती म्हणाली.

"तू खा. मी बघतो."

ती खाली मान घालून चार घास जेवली. मग तो म्हणाला, "मी ठरवलंय. चैत्रात परत येतो घरी."

"अरे, डॉक्टर..."

"ऐक तर. बोटं जायला किती वर्षं लागली? तुझ्यासोबत सोळा वर्षं काढल्यावर सुरुवात झाली. आता परत सुरू झालं, तर चार-पाच वर्षं तरी मिळतील चांगली. ती घेऊ. मग बघू. मळ्यावर माझ्या बोटांना सगळं कळतं, वृंदा. मातीची ओल कळते, सालीखालचा रस कळतो. आणि घरी येऊन सांगायला कुणी नाही. काय करायचंय असल्या बोटांचं?"

वृंदानं डबा बंद केला. "मी पण ठरवलंय," ती म्हणाली. "डॉ. इनामदारांकडे तारीख घेतलीय. वैशाखातली."

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी नको म्हणालो होतो. निदान विचारायचं तरी."

"तू परत यायचं ठरवलंस, तेव्हा मला विचारलंस?"

देवळात कुणीतरी घंटा वाजवली. एक बकरी येऊन दोघांच्या मधल्या जागेत निवांत लिंबाचा पाला खात उभी राहिली.

"माणिक, तुझ्या बोटांसाठी करत नाहीये मी हे," वृंदा म्हणाली. "तुझी बोटं बरी झाली, मला आनंद आहे. तू तिथे असाच बरा राहिलास तरी मला आनंद होईल. पण मला एकटीला जेवण जात नाही. मी माझ्यासाठी करतेय. माझी आतडी आहेत, मला काय झेपेल ते मला ठरवू दे."

"आणि उलटलं तर?"

"तर येशील ना तू? तेव्हा तरी चार हात अंतर ठेवावं लागणार नाही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हात काढून तो म्हणाला, "तुझ्याशी वादात मी कधी जिंकलोय का?"

*

वैशाख आणि ज्येष्ठ वृंदानं दवाखान्यात काढले. औषधांनी तोंडाची साल निघाली, आतडी रिकामी झाली, अंगाला लेप लागले. तिच्या पोटात काहीच उरलं नव्हतं, आणि त्या आठवड्यांत तिला वाटायचं, आपण एखाद्या झाडून पुसून, कुलूप लावायला तयार ठेवलेल्या घरासारख्या झालोय. मग दात्याची वस्ती लावली. दाता कोण ते सांगत नाहीत. तरुण आणि निरोगी, एवढंच कळलं. माणिक दवाखान्याच्या खाली, रस्त्यापलीकडे येऊन उभा राहायचा. ती खिडकीत यायची. तो हात वर करून बोटं हलवून दाखवायचा.

घर उकळत्या पाण्यानं धुतलं. जुनी अंथरुणं, कपडे, लाकडी पोळपाट, सगळं काढून टाकलं. दसऱ्यापर्यंत तीन तपासण्या झाल्या. तो रेणू कुठेच नव्हता. आतड्यांनीही अजून कुरकुर केली नव्हती, जरी दोन वर्षं धोका राहील असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आता एका ताटात जेवा," डॉ. इनामदार म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी डोळे टिपले.

माणिक परत आला. पहिल्या दिवशी दोघांनी एका ताटात जेवण केलं आणि अर्ध्या भाकरीपाशी वृंदाला हुंदका आला. नर्सरीतल्या बायका भेटून गेल्या. सगळं जिथल्या तिथे आलं.

तरी काहीतरी राहिलं होतं. माणिक फार नीट वागत होता. पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, तिला आधी वाढायचा. शेजारी बसला की क्षणभर थबकायचा, मग बसायचा. तिला जवळ घ्यायचा, तेही कुणी नव्या घरात दिव्याचं बटण चाचपावं तसा. वृंदानं चार दिवस बघितलं. तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. पाचव्या दिवशी सकाळी तो वाफ्याशी बसून खुंटांत डोळे बसवत होता, ती त्याला पट्ट्या कापून देत होती, तेव्हा ती म्हणाली, "तू पाहुण्यासारखा का वागतोस?"

त्यानं चाकू खाली ठेवला. "नाही गं."

"माणिक."

त्यानं खुंटावरची माती बोटानं पुसली. "सांगू नये असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "तुझा वास गेलाय."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ज्ञान असलेल्या माणसाला कळतं तसं सगळं एकदम कळलं. घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जंतू तो घडवतात, ज्याच्या त्याच्या वस्तीप्रमाणे. तीच वस्ती तिनं धुऊन टाकली होती. तिच्या मानेला, केसांच्या मुळांना, तळहातांना आता कुणा अनोळखी तरुण माणसाचा वास होता.

"वाईट येतो?" तिनं विचारलं.

"वाईट नाही. चांगला आहे. तुझा नाही." त्यानं घाईनं तिचा हात धरला. "होईल सवय. तू विचारलंस म्हणून सांगितलं. पडल्या पडल्या डोळे मिटले की मला वाटतं, कुणीतरी दुसरंच आहे. मग डोळे उघडून बघतो, तर तू असतेस."

वृंदानं एक पट्टी कापली, दुसरी कापली. मग कात्री ठेवून दिली.

माणिक उठून घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कलमं झाकायची प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली. आत तिची जुनी सुती ओढणी होती, मोरपंखी रंगाची.

"डॉक्टरांनी तुझं काही न्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी नेली."

"वर्षभर?"

"उघडायचो नाही रोज. रविवारी, थोडीशी. लगेच गाठ मारायचो. वास उडून जाईल म्हणून भीती वाटायची."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका मोठा माणूस, आणि चोरी सापडलेल्यासारखा उभा होता. रागवावं असं तिला वाटलं आणि रागावता आलं नाही.

"ही घरात ठेवता येणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच आणून दिली."

वृंदानं स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवलं. माणिक दारात येऊन उभा राहिला. "आजच कशाला?" तो म्हणाला.

"उद्या माझ्यानं होणार नाही."

पाण्याला आधण आलं. तिनं पिशवीची गाठ सोडली, आणि तिथेच थांबली.

एक वास आला. भाजलेल्या दाण्यांसारखा, किंचित आंबूस, मागे कुठेतरी उन्हात वाळलेल्या कापडाची ऊब. कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. कुणी बाई. ओळखीची नव्हती, पण आपली वाटावी अशी, जिच्या शेजारी बसून जेवावंसं वाटावं अशी. आपला स्वतःचा वास आपल्याला कधी येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं तिलाही आला नव्हता. आता नाक दुसऱ्या वासाला सरावलं होतं आणि ती बाहेर उभी राहून त्याला पहिल्यांदा भेटत होती.

"ही मी होते?" तिनं विचारलं.

"हो," माणिक म्हणाला.

ओढणी नाकाशी न्यायची नाही, हे तिला माहीत होतं. तिनं हात लांब धरून चिमट्यानं ती उचलली आणि पाण्यात सोडली. मोरपंखी कापड फुगून वर आलं, पळीनं दाबल्यावर खाली गेलं. वाफ उठली आणि वास एकाएकी मोठा झाला, ओट्यावर, फडताळांवर, दोघांच्या अंगावर. उकळत्या पाण्यात जंतू टिकत नाहीत. वाफेतून वर येत होते ते नुसते रेणू, त्यांत जिवंत काही नव्हतं, आणि म्हणून त्यांचं भय नव्हतं. माणिक आत आला, तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि त्यानं डोळे मिटले. वृंदानं हात लांबवून खिडकी लावून घेतली.

पाणी उकळत राहिलं. गॅस बंद करायला कुणी पुढे झालं नाही.